एकच नेलकटर

ताई,

तू बाहेरून कडी लावतेस, त्याबद्दल तक्रार नाही. ती नसती तर मी केव्हाच नशेच्या सुईमागे पळालो असतो.

डॉक्टरांनी हिपॅटायटिस सी सांगितल्यापासून तू माझा कप वेगळा केलास, ताट वेगळं केलंस. अगं, त्याची लागण उष्ट्यानं होत नाही, रक्तानं होते. मला मित्रांच्या सुईतून झाली.

नेलकटर मात्र घरात एकच आहे. माझे हात थरथरतात म्हणून दर रविवारी माझी नखं तूच कापतेस, "हलू नकोस, बावळटा" म्हणत. मग त्यानेच तुझ्या लेकीची, चिमीची. हे तुला सांगायला हवं, कळतंय मला. पण सांगितलं की माझा नेलकटरही वेगळा होईल, आणि माझा हात हातात घेणारं कुणी उरणार नाही.

आज माझ्या अंगठ्यातून रक्त आलं. तू ते बोटानंच पुसलंस आणि नेलकटर इथेच विसरून गेलीस. आत्ता दाराबाहेरून विचारतेयस, "नेलकटर पाहिलास का रे? चिमीची नखं राहिलीत."

मी "नाही" म्हणालो. तो माझ्या मुठीत आहे, आणि तू कडी काढतेयस.

तुझा,
वेगळ्या कपातला भाऊ