अठरावा फॉर्म

रामदासपेठ, नागपूर
१८ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. प्रमोदिनीताईस उत्तराचा नमस्कार.

इकडे सगळे मजेत. बाबा रोज संत्र्याच्या भावावरून भांडून ताजेतवाने होऊन येतात. कुहीला तुमच्याकडे धान मळून झाला असेलच.

बातमी अशी, की मला नोकरी लागली! इथल्या दवाखान्यात डॉ. अरुंधती म्हणून आहेत. लहानपणी कॅन्सर होऊन बरी झालेली माणसं त्या शोधताहेत. अशा माणसांना पुढे वर्षानुवर्षं कुठे दुखतं का, आणि ते कॅन्सरच्या औषधांमुळेच का, हे डॉक्टरांना पाहायचंय. मी घरोघरी जाऊन फॉर्म भरते. एका आजींना वाटलं, मी स्थळ घेऊन आले. मीही पोहे खाऊन मगच खुलासा केला.

काल सक्करदऱ्याला शामलाकडे गेले. वयानं माझ्याएवढीच. "तळपाय जळतात का?" विचारलं, तर रडायलाच लागली. म्हणाली, "बारा वर्षं झाली वं, तव्यावर उभी असल्यासारखं वाटते. घरचे कामचोर म्हणते. मलेही वाटे, मीच नाटक करून राहिली. तुले कसं समजलं?"

ताई, मला कसं समजलं?

मुंबईच्या डॉक्टरांनी "पोरगी बरी झाली" म्हटलं, तेव्हा तुम्ही सगळे दवाखान्याच्या जिन्यातच हसत-रडत बसलात. मग पाय जळतात म्हणायची माझी हिंमतच झाली नाही. तुझ्या लग्नात तू फुगडीला हात पुढे केलास आणि मी तो सगळ्यांदेखत झिडकारला. "हिला माझं सुख पाहवत नाही," हे तुझं बोलणं मी ऐकलं, तरी गप्प राहिले. त्या दिवशी मला उभंसुद्धा राहवत नव्हतं गं. चार वर्षं तू तुटक बोलतेस, त्यात तुझी चूक नाही.

शामलाला सगळं सांगितलं. मग आम्ही दोघी परातीतल्या गार पाण्यात पाय सोडून वेड्यासारख्या हसत बसलो.

आज डॉक्टरांना म्हटलं, "अठरावा फॉर्म माझा." त्यांनी चष्मा काढला. "इतके दिवस काहून लपवलंस?" एवढंच विचारलं. इंजेक्शनांनी नसांना इजा झाली असावी म्हणतात. पूर्ण बरं होईल असं नाही, पण दुखणं कमी करायला गोळ्या दिल्यात.

रविवारी सकाळच्या बसनं येते. स्टँडवर घ्यायला ये. घरापर्यंत चालताना मध्ये कुठेतरी बसावं लागेल, आता मी तसं सांगीन.

आईबाबांना अजून सांगितलं नाही. आधी तुला.

तुझीच,
उत्तरा