हौदातला दिवा

६ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
तुझ्या घाबरट आजोबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खुशाल आहे असं लिहिलंस, पण खोकल्याचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे तो गेला नसणार. वसतिगृहाच्या खिडक्या रात्री कोण लावतं? बाईंना विचारून कळव.

यंदा रसायनशास्त्र हा नवा विषय आला आणि काचेच्या नळ्या हाताळायला मिळतात, हे वाचून तुझी आई खूश झाली. मी मात्र ताट बाजूला सारलं. अ‍ॅसिड काय चीज आहे ते मी पाहिलेलं आहे. आमच्या कारखान्यात बाटल्या धुणाऱ्याच्या विजारीची चाळण झाली होती. तू आपली मागच्या बाकावर बस. कशाचा वास घेऊ नकोस, चव तर मुळीच बघू नकोस. चौथी पास माणूस मला शिकवतो म्हणून हसशील. हस, पण मागे बस.

तुझा बाबा बरा आहे. व्हिनेगरच्या कारखान्यात सध्या हौद धुण्याचे दिवस आहेत. फळांचा रस आंबून झाला की हौद रिकामा करतात आणि तळाचा चोथा खरवडायला एक जण शिडीने आत उतरतो. दुसरा वर शिडी धरतो. पुढच्या हौदाला पाळी बदलते. मीही उमेदीत हेच केलं. बाबाची आणि लंबूकाकाची जोडी अजून तशीच आहे. लंबू म्हणतो की त्याला अर्धीच शिडी लागते, उरलेली अर्धी त्याने तुझ्या बाबाला आंदण दिली आहे.

एक बातमी बरी आहे. उतरण्याआधी हौदात दोरीने पेटता कंदील सोडायची आमची रीत तुला ठाऊक आहेच. कंदील विझला तर त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. तळाशी वाईट हवा बसते, तिला आम्ही नुसतं 'खालचं' म्हणायचो. आज खालचं फार आहे, असं. आता नव्या मुकादमाने काडेपेटीच बंद केली, कारण शेजारच्या खोलीत स्पिरिटची पिंपं ठेवतात. कंदिलाच्या जागी बॅटरीचा दिवा आणलाय. रोज उतरण्याआधी तो दोरीने आत सोडतात. लख्ख उजेड पडतो, वाऱ्याने विझत नाही. आगीची तेवढी काळजी मिटली. माझी एक काळजी मिटली हे ऐकून तुझ्या आईने खुर्ची ओढून घेतली आणि मटकन बसली.

स्वेटर घाल. म्हाताऱ्यावर माया आहे तशी राहू दे आणि उत्तर लवकर धाड.

तुझा
आजोबा

१५ ऑक्टोबर

ती. आजोबांना,
टिटवीचा शि. सा. नमस्कार.

खोकला खरंच गेला. खिडक्या बाई स्वतः लावतात. मी पहिल्या बाकावर बसते, कारण मागून फळा दिसत नाही. रागावायचं असेल तर आत्ताच रागावून घ्या, कारण पुढे महत्त्वाचं लिहायचं आहे.

जे जागा व्यापतं आणि ज्याला वजन असतं ते द्रव्य, असं सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं. मग त्यांनी विचारलं की हवेला वजन असतं का. आम्ही सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं आणि सगळे आपटलो. हवेलाही वजन असतं, आणि काही वायू हवेपेक्षा जड असतात. परवा त्यांनी एका मोठ्या बरणीत तीन मेणबत्त्या लावल्या, एक ठेंगणी, एक मधली, एक उंच. तळाशी खाण्याचा सोडा पसरला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. बाटली आपल्याच कारखान्याची होती, मी ओरडलेच! खूप फेस आला. आधी ठेंगणी मेणबत्ती विझली, मग मधली, मग उंच. कुणी फुंकर मारली नव्हती. तो कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो पाण्यासारखा तळापासून भरत येतो. सरांनी तो एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतूनही दाखवला. पेला रिकामाच दिसत होता, पण तो ज्योतीवर धरल्यावर ज्योत गेली.

रस आंबतानाही हाच वायू होतो. आजोबा, तुमचं 'खालचं' म्हणजे हेच.

बॅटरीच्या दिव्याला जळायला हवा लागत नाही. त्याची तार काचेत बंद असते. हौद त्या वायूने काठोकाठ भरला तरी तो दिवा तस्साच लख्ख राहील. कंदील विझून सांगायचा, हा काहीच सांगत नाही. मी तुमचं पत्र सरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणाले, ज्योतीवरही सगळी भिस्त ठेवू नये आणि स्पिरिटजवळ ती नकोच. आधी मोठ्या पंख्याने आत चांगली हवा मारायची, मगच उतरायचं. आणि आत कुणी पडलाच, तर तो कितीही जवळचा असला तरी त्याच्यामागे कुणी उतरायचं नाही. मागून जाणारा त्याच्याच शेजारी पडतो. याच्याखाली त्यांनी एक रेघ मारायला सांगितली, मी दोन मारल्या आहेत.

बाबांना आजच सांगा. लंबूकाकांनाही सांगा. ते हसतील, तरी सांगा.

तुमची
टिटवी

२२ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि तसाच अनवाणी कारखान्याच्या फाटकावर गेलो. बाबाला बाहेर बोलावलं. फाटकवाला बघत होता, बाबाला लाज वाटली. घरी आल्यावर बोलू, म्हणाला.

घरी आल्यावर त्याने आधी थट्टा केली. मग पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी तो मुकादमाशी बोलला. मुकादम म्हणाला की पंखा वाळवणीच्या शेडचा आहे, तिथून हलवायचा नाही, आणि त्याची वायर हौदापर्यंत पुरतही नाही. दिवा रोज आत जातो, आजवर कोण मेलं, असंही त्याने विचारलं. बाकीचे हसले. मी बाबाच्या खिशात गुपचूप काडेपेटी टाकली, सरांनी नको म्हटलेलं असूनही, कारण मला दुसरं काही सुचेना. फाटकावर झडतीत ती सापडली आणि त्याने चारचौघांत बोलणी खाल्ली. पुन्हा माझ्या कामात लुडबुड करू नका, असं तो मला घरी येऊन म्हणाला. त्याचं चुकलं नाही. मी जिन्याची काळजी करतो, गॅसची करतो, शेजारच्या मांजराच्या डोळ्यांची करतो. या काळजीचं तोंड वेगळं आहे हे त्याला कसं कळावं?

शेवटी मी ताटावर बसेना. तुझी आई दोघांवर ओरडली. तेव्हा त्याने शब्द दिला की पंख्याची हवा मारल्याशिवाय उतरणार नाही. दुसरी गोष्ट मात्र त्याच्या तोंडून निघेना, की कुणी पडलं तर मागे जाणार नाही. मी त्याला तुझी शपथ घातली. तेव्हा तो हो म्हणाला, आणि न जेवता उठला.

लंबूला मी नळावर गाठून सांगितलं. दिव्याऐवजी आता टिटवीच्या सरांनाच दोरीला बांधून आत सोडू, असं म्हणाला आणि माझी घागर उचलून घरापर्यंत आणून दिली.

इथली चिंता माझ्यावर सोड, मला सवय आहे. अभ्यासात आणि आमच्यात जीव असू दे.

तुझा
आजोबा

२९ ऑक्टोबर

ती. आजोबांना,
टिटवीचा शि. सा. नमस्कार.

बाबांनी शब्द दिला हे वाचून मी उशीत तोंड खुपसून रडले, आनंदाने. बाबा एकदा हो म्हणाले की म्हणाले. सरांनी शाळेच्या कागदावर तुमच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं आहे. त्यावर शाळेचा शिक्का आहे, म्हणजे मुकादमाला ऐकावंच लागेल.

चाचणीत मी पहिली आले. 'जड वायूचे गुणधर्म' यावर पूर्ण गुण. आता तुम्ही जेवत जा, नाहीतर आई मलाच पत्रातून ओरडते.

तुमची लाडकी आणि तुमच्याइतकीच घाबरट
टिटवी

७ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी वाचू नकोस, सरांजवळ किंवा बाईंजवळ बसून वाच. तुझा बाबा जिवंत आहे, ते आधी लिहितो. लंबूकाका गेला.

कोपऱ्यातल्या हौदाला पाळी बाबाची होती. पंखा आणल्याशिवाय मी उतरत नाही, असं तो म्हणाला. मग घरी जा आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर बस, असं मुकादम म्हणाला. भांडण वाढायला लागलं तसं लंबूने हसत हसत बाबाच्या हातातलं खोरं काढून घेतलं. मी जातो, पाळी मागाहून फेड, म्हणाला. दिवा आत सोडलेलाच होता, लख्ख. बाबाने त्याचा सदरा धरला. त्याने तो सोडवून घेतला आणि बाबाला सांगितलं की भाषण पुरे, शिडी नीट धर.

उभा होता तोवर तो खालून बोलत होता. उंच माणूस, डोकं वरच्या चांगल्या हवेत होतं. मग खरवडायला वाकला. तसाच गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर कलंडला. ओरडलासुद्धा नाही. दिवा शेजारीच जळत होता, त्यामुळे वरून सगळ्यांना सगळं स्वच्छ दिसलं.

चौघं जण शिडीकडे धावले. त्यांत लंबूचा धाकटा भाऊ होता. बाबाने शिडी वर ओढली, बाजूला टाकली आणि तिच्यावर आडवा पडला. पंखा आणा, पंखा आणा, असं तो ओरडत होता. भावाने त्याला दुसऱ्या खोऱ्याच्या दांड्याने झोडपलं. त्याचा खांदा निखळला, पण तो शिडीवरून हलला नाही. पंखा आला तर वायर पुरेना. दुसरी शोधून जोडली. चांगली हवा मारून झाली तेव्हा बाबा स्वतःहून उठला. भाऊच कमरेला दोरी बांधून उतरला. लंबूला वर काढलं, पण डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

सरांचं पत्र व्यवस्थापकाच्या मेजावर होतं म्हणे. व्यवस्थापक रजेवर होते.

गल्लीत आता बाबाचं नाव शिडी ओढणारा असं झालंय. नळावर तुझी आई गेली की बायका बाजूला होतात. वायूचं समजावून सांगायला गेलो तर वाणी म्हणाला की दोस्त समोर मरत असताना कुणाला धडे आठवतात. काल लंबूची बायको आली. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने बाबाला एकच विचारलं, शिडी ओढली तेव्हा ते हलत होते का. ती थांबली, थांबली आणि निघून गेली.

माझा मुलगा वाचावा एवढंच मी मागितलं होतं. ते मिळालं. मागताना पाळी कुणाची होईल हे डोक्यात आलं नव्हतं.

तू रड, पण जेव. आमच्यावरची माया आत्ता कमी करू नकोस.

तुझा
आजोबा

१४ नोव्हेंबर

ती. आजोबांना,
टिटवीचा शि. सा. नमस्कार.

सर शेजारी बसले होते. त्यांनाही पुढे वाचवेना. बाबांना सांगा की चौघं उतरले असते तर चौघं तिथेच राहिले असते. हे मी समजूत घालायला लिहीत नाही, तसं होतंच. सर म्हणाले की बाबांनी चार घरं वाचवली. पण ती चार घरं बाबांशी बोलत नाहीत, याला काय म्हणायचं?

मेणबत्त्यांचा प्रयोग सर दुसऱ्या तुकडीला आमच्याच वर्गात दाखवणार होते. मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. ठेंगणी आधी विझते आणि उंच शेवटी, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. उंच माणूस वाकतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लंबूकाकांच्या घरी काकूंना पत्र लिहू का? सर लिही म्हणतात, पण काय लिहायचं ते सांगत नाहीत. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या बऱ्या खांद्यावर हात ठेवा.

तुमची
टिटवी

२१ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबाला वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. तू सांगितलंस तसा हात ठेवला, त्याने ठेवू दिला. कारखान्यात आता हौदाजवळ पंखा उभा आहे, वायर चांगली लांबलचक आहे. मुकादम तोच. आधी हवा मारतात, मग माणसं उतरतात आणि धडधाकट वर येतात. त्यांतलं कुणी आमच्या दारावरून जात नाही, पलीकडच्या गल्लीतून वळसा घालतात.

काकूला तू अजून लिहू नकोस. आधी एक काम कर.

बाबा इतक्या दिवसांनी काल पहिल्यांदा आपणहून बोलला. सरांना विचारायला सांग, म्हणाला, की माणूस तिथे तळाशी आडवा झाला की किती वेळ जिवंत राहतो. शिडी ओढल्यापासून पंखा लागेपर्यंत लंबूमध्ये धुगधुगी होती की आधीच सगळं संपलं होतं? चौथी पास बापाला हे विचारून काय उपयोग, तरी त्याने मलाच विचारलं. दुसरं कोण आहे त्याच्याशी बोलायला?

तेव्हा सरांना नीट विचार. त्यांना अवघड वाटेल, तरी खरं तेच सांगा म्हणावं. थोडाच वेळ असं उत्तर असेल तर मोठ्या अक्षरांत लिही. मी ते बाबाच्या हातात देईन, आणि तो म्हणाला तर लंबूच्या घरीही घेऊन जाईन.

बराच वेळ असं असेल तर ते पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. टपाल कचेरीत माझ्यासाठी ठेवायला लिही. मी रोज जाऊन विचारीन आणि तिथल्या बाकावर बसून वाचीन. बाबाला सांगेन की सरांना ठाऊक नाही.

तब्येत जप. या घरावर अजून जीव आहे ना, एवढं तरी पत्राच्या वरती लिही.

तुझा
आजोबा