पिचकारी आणि माझी दाढ

४ जानेवारी १९६५, सोमवार
मेहुणा हैबती मुंबईहून आला. सांगत होता, अमेरिकेत दातांच्या फटींत पाण्याची धार मारतात, मशीनने. एकदम पटले. आमच्या वाडीत अजून वीज नाही, पण सायन्स विजेवाचून अडत नाही. शिमग्याची पितळी पिचकारी माळ्यावर आहेच. डाव्या दाढेची ठणक संपली म्हणायची. रविवारी शिवथरचे पाहुणे आमच्या लेकीला, आवडीला बघायला येणार. बोलणी मी स्वतः करणार. बायकांना त्यातले काय कळते?

५ जानेवारी
पिचकारीला दोन हात लागतात, गाल ओढायला तिसरा. म्हणून दट्ट्या बायकोकडे, प्रयागबाईकडे दिला. म्हणाली, "आ करा." पहिली धार नाकात. प्रेशरची चूक. बाईने पिचकारी लगेच पुन्हा भरली. संसारात इतका उत्साह तिने कधी दाखवला नव्हता.

६ जानेवारी
गार पाण्याने कळ थेट मस्तकात. कीड मरताना असेच होणार. तंबाखू सोडायचा विचार केला. पण एकदम दोन सुधारणा शरीराला झेपत नाहीत. पुढच्या सोमवारपासून.

७ जानेवारी
प्रयागबाई म्हणते, "महाडला दाताच्या डॉक्टराकडं जावा की वो. पाहुण्यांसमोर हे तोंड नेनार काय?" डॉक्टर दात उपटणारे, मी वाचवणारा. आमचे जमायचे नाही.

८ जानेवारी
गाल चांगलाच भरून आला. रक्ताभिसरण सुधारल्याचे लक्षण. शेजारचा हरिबा विचारतो, "गांधीलमाशी चावली काय, सयाजीराव?" अडाणी माणूस.

९ जानेवारी
पहिल्या एसटीने महाड. केवळ खात्री करून घ्यायला. डॉक्टरांना अमेरिकेची पद्धत समजावू लागलो. ते म्हणाले, "आधी तंबाखू थुंका." मग दाढ उपटली. तोंडात कापूस. दोन दिवस बोलायला बंदी.

१० जानेवारी, रविवार
पाहुणे आले. माझ्या तोंडून फक्त "उं". प्रयागबाई बोलत राहिली. लग्न वैशाखात ठरले, तेही आवडीचा महाडचा शिवणक्लास पुरा झाल्यावर. मला न विचारता! मी जोरजोरात मान हलवून विरोध केला. त्यांनी तो होकार धरला आणि गूळ वाटला. मला चावता येईना.
निघताना मुलाचे वडील कुशाबा प्रयागबाईला म्हणाले, "घर पसंत हाय. मालक शांत हायत तुमचं. मधी मधी बोलत नायत."
आवडी इतकी हसली की तिला आत पाठवावे लागले.
मीही आत गेलो. कापूस बदलला.