निंबूला दिलेला ताण

अमरावती, २३ मे

आदरणीय मोठीआईस मायाचा सविनय जय भीम.

हे पत्र सुगत भाऊजी तुला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही जय भीम, आणि वाचून होईपर्यंत त्यांनी हसू नये ही विनंती. ज्योत्स्नाताईला आठवा महिना लागला, तेव्हा अकोल्याच्या उन्हात तिला दुपारी बाहेर पडू देऊ नये. तुझे गुडघे कसे आहेत? गुडघ्यांच्या तेलाची बाटली तू इथेच फळीवर विसरून गेलीस. मी ती जपून ठेवली आहे. (झाकण घट्ट करताना थोडं तेल सांडलं. दोन चमचे असेल.) मी ठीक आहे. आधी 'मजेत आहे' असं लिहिलं होतं, पण ते खरं नव्हतं म्हणून खोडलं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हो हो, समजलं' म्हणून ठेवून देतेस, आणि आपल्या दोघींमध्ये यंदा जो घोटाळा झाला तो फोनवरच झाला. म्हणून लेखी.

आधी बागेतलं चांगलं तेवढं सांगते. सकाळी सहाच्या आत सगळ्या कुंड्यांना पाणी होतं. वांग्यांवर हिरवी जाळी बांधली, कढीपत्ता सावलीत सरकवला, चिमण्यांच्या परातीत दोनदा पाणी बदलते. (परात तुझी जुनी आहे, पुरणाची नाही. मी खात्री केली.) मोगरा रोज ओंजळभर निघतो. त्यातली चार फुलं मी माठात टाकते, बाकीची शेजारच्या बेबीताईंना देते. संध्याकाळी अंगणातल्या फरशीवर पाणी मारलं की ती चर्र करते, मग हळूहळू तिच्यावर अनवाणी उभं राहता येतं, आणि तेवढ्या पाच मिनिटांत मला परीक्षा, निकाल, वय यांपैकी काहीच आठवत नाही. इथपर्यंत सगळं बरं आहे. आता निंबू.

तू जाताना फाटकाशी उभं राहून म्हणालीस की हे निंबूचं झाड चार वर्षं झाली नुसतं पानं काढून राहिलं, यंदा मृगात फुललं नाही तर तोडायचं आणि तिथं जावयाच्या गाडीसाठी पत्र्याचं शेड टाकायचं. (भाऊजी, इथं आवाज बदलू नये.) मी तेव्हाच मनाशी ठरवलं की झाड फुलवायचं. त्यानंतर आठ दिवसांनी तुझा फोन आला. तू काहीतरी सांगत होतीस, मध्येच तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली, आणि शिट्टी संपल्यावर मला एवढंच ऐकू आलं: "...अन् निंबूले ताण दे बरं, विसरू नको." मी वहीत तारीख, वेळ घालून लिहून घेतलं. निंबूला ताण देणे.

मोठीआई, तुझं अर्धं आयुष्य वरुडकडच्या संत्र्यांच्या बगिच्यात गेलं. तुला ताण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पण माझे बाबा विजेचे खांब उभे करायच्या कामावर जात. आमच्या घरी ताण म्हणजे खांब आडवा होऊ नये म्हणून जमिनीत खुंटी ठोकून बांधलेली तार. दुसरा ताण मला ठाऊक आहे तो परीक्षेचा, आणि तो झाडाला कसा द्यायचा हे कळेना. शब्दकोशही पाहिला. त्यात 'ओढ' असा अर्थ सापडला. शिवाय आपलं झाड फाटकाकडे थोडं कललेलं आहेच आणि मे महिन्यात वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटतं, तेव्हा सगळं जुळत होतं. तरी खात्री करावी म्हणून तिवस्याला बाबांना फोन केला आणि किती ताण द्यावे असं विचारलं. बाबांना मी कॉलेजात गेल्यापासून काही विचारलं नव्हतं, कारण माझ्या पुस्तकांतलं त्यांना काय विचारणार. ते इतके खूश झाले की झाडाला की खांबाला हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "चारी दिशेले दे, अन् सैल ठेवू नको."

मी चारी दिशांना दिले. एक दोरी फाटकाला, एक खिडकीच्या गजाला, एक टाकीच्या खांबाला आणि एक शेजारच्या नत्थुजींच्या कंपाउंडच्या भिंतीतल्या खिळ्याला. (ते पातूरला मुलीकडे गेले होते, घरी बेबीताई होत्या, त्यांची परवानगी घेतली.) त्या दिवसापासून फाटक वीतभरच उघडतं. मी आडवी होऊन आत-बाहेर करते, दूधवाला भिंतीवरून पिशवी देतो आणि गॅसवाला सिलिंडर रस्त्यावर ठेवून निघून गेला. एवढं बांधून ठेवलेल्या झाडाची मला दया आली, म्हणून मी त्याला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन अशा बादल्या पाणी घालत होते. झाड फार सुंदर दिसत होतं. राजापेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासहून येताना लांबून ते हिरवंगार दिसलं की माझी मान ताठ व्हायची.

चौदा तारखेला नत्थुजी पातूरहून परतले. भिंतीवरून त्यांनी चारही दोऱ्या मोजल्या. मग विचारलं की हे काहून बांधलं. मी म्हटलं, मोठीआईनं सांगितलं म्हणून ताण दिला. ते खाली दिसेनासे झाले. मला वाटलं गेले, पण ते भिंतीच्या पलीकडे पोट धरून हसत बसले होते. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला.

"अवं पोरी, ताण म्हंजे पाणी तोडनं. झाडाले उपाशी ठेवा लागते, तवा ते मृगाच्या पाण्यावर फुलते. तू त त्याले पंगत वाढून राहिली."

म्हणजे कुकरच्या शिट्टीत 'पाणी तोड' एवढंच गेलं होतं. नत्थुजींनी पुढे समजावलं की पाणी बंद झालं की झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि मग ते घाबरून फुलं काढतं. हे मला लगेच समजलं. माझं बारावीपासूनचं सगळं शिक्षण याच पद्धतीनं झालं आहे. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, पानं मलूल होईस्तोर. मलूल किती म्हणजे मलूल, हे विचारल्यावर म्हणाले की तोंड पाहून समजते. तेव्हापासून मी रोज तीन वेळा झाडाचं तोंड पाहते.

त्याच दिवशी मी पाणी तोडलं. तिसऱ्या दिवशी बुंध्याशी माती ओली दिसली. शोध घेतला तर कूलरची नळी तिथं उतरते. कूलर बंद केला. (इकडे पंचेचाळीस आहे. काळजी करू नको, मी ओला टॉवेल डोक्यावर घेते.) मग भांड्यांचं पाणी आठवलं, तेही ओघळत तिकडेच जातं, म्हणून आता भांडी फाटकाबाहेर घासते. जाणारे-येणारे विचारतात की घरातून काढलं का. मोगऱ्याचं पाणी झिरपू नये म्हणून मध्ये मातीचा बांध घातला. झाडासमोर पाणी पिणं बरं वाटत नाही, म्हणून आत जाऊन पाठमोरी पिते. तीन दोऱ्या सोडल्या. चौथीची गाठ सुटेना, तिच्यावर कपडे वाळतात. आज नऊ दिवस झाले. पानं वळली आहेत, पण मी हटणार नाही. मृगापर्यंत एक थेंब नाही, हे तू पक्कं समज. तू सांगितलेलं काम मी आधी चुकीचं केलं असेल, पण आता बरोबर पुरं करीन.

गुडघ्यांना जप. जिना चढू नकोस. ताईच्या बाळंतपणाची बातमी आली की मी पहिल्या गाडीनं निघते, घराची किल्ली बेबीताईंकडे असेल.

तुझी पुतणी,
माया

ता. क. १ : (फक्त भाऊजींसाठी. मनात वाचावं.) भाऊजी, ते शेड तुमच्या गाडीसाठी आहे. तुम्ही वर्षातून चारदा येता. गाडीला ऊन चालतं, एवढं तुम्ही स्वतःहून म्हणालात तर फार उपकार होतील. सकाळी सात ते दहा त्या झाडाखाली एक खुर्ची मावते आणि मी तिथं वाचते. आत पत्र्याखाली वाचता येत नाही. आपल्या घरात माझ्याआधी कोणाला अभ्यासाला जागा लागली नाही, म्हणून ती लागते हे कोणाच्या लक्षात येत नाही. यात मोठीआईचा दोष नाही.

ता. क. २ : मोठीआईपासून लपवणं बरोबर वाटत नाही. भाऊजी, वरचं ता. क. मोठ्यानं वाचावं.

ता. क. ३ : पाकीट घेऊन टपालात टाकायला निघाले होते. फाटकाशी आडवी होताना झाडाचं तोंड अगदी जवळून दिसलं. परत येऊन एक तांब्या पाणी घातलं. एका तांब्यानं नुसती आशा लागते असं वाटलं, म्हणून एक बादली घातली. (दोन.) नत्थुजींनी भिंतीवरून पाहिलं, "तुटला ताण, आता काई फुलत नाई यंदा," एवढं म्हणाले आणि आत गेले. म्हणजे मोठीआई, यंदा या झाडाची परीक्षा झालीच नाही. आधी मी त्याला भरपूर मदत पुरवली, मग ऐन पेपरात मीच घोटाळा केला. पेपर फुटला की परीक्षा रद्द करतात, परीक्षेला बसलेल्याला मुळासकट काढत नाहीत. हे पत्र माझ्या सहीचा कबुलीजबाब म्हणून तुझ्या पेटीत ठेव आणि झाडाची फेरपरीक्षा पुढच्या मृगात घे. ताण मात्र तू स्वतः दे. तेवढे दिवस मी तिवस्याला जाऊन राहीन.