वडील हयात आहेत

१२ एप्रिल

डॅडी,

मी बरी आहे. वर्नी मावशीही बरी आहे, तिचा गुडघा सोडून. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण काही झालं असतं तर एव्हाना चर्चमध्ये कुणीतरी कानावर घातलंच असतं. बकच्या कानात पुन्हा गोचिड्या झाल्या असतील. त्या बिचाऱ्या कुत्र्याला आता घरात घेत जा, ओरडायला आई नाही.

इकडची बातमी म्हणजे दुकानात मला गल्ल्यावरून उठवून मालाच्या खोलीत टाकलंय. एक गिऱ्हाईक म्हणालं, "पोरी, जरा हस की." मी म्हटलं, "हसण्याचे वेगळे पडतील." मॅनेजरला ते रुचलं नाही. तुम्हाला रुचलं असतं.

पत्र लिहितेय कारण फोन तुम्ही उचलत नाही आणि समोर आलात की तोंडात गुळणी धरता. दोन हिवाळे झाले. तेव्हा आता वाचा. वाचायला बोलावं लागत नाही.

मला कम्युनिटी कॉलेजात ॲम्ब्युलन्सवरच्या पॅरामेडिकच्या वर्गाला घेतलंय. घेतलंय म्हणजे जागा मिळालीय, फीचं अजून व्हायचंय. राज्याची एक योजना आहे, ती आपल्यासारख्यांची फी भरते. आपल्यासारख्यांची म्हणजे गरिबांची. हा शब्द तुम्हाला सोसत नाही म्हणून मुद्दाम लिहिला. त्या योजनेत मी बसते की नाही एवढाच प्रश्न आहे. मार्कांत बसते. आधीची कुठली पदवी नाही, त्यातही बसते. जन्मापासून याच राज्यात आहे, त्यात तर पाय पसरून बसते. अडलंय ते तुमच्यापाशी.

फीच्या कचेरीत मिसेस प्रुइट म्हणून बाई आहेत. त्या म्हणाल्या, "चोवीस वर्षांच्या आतली पोरं नियमाने आईबापाच्या पदरात. तुझ्या वडिलांनी इथे सही करायची आणि त्यांची कमाई बघायला परवानगी द्यायची."

"ते देणार नाहीत."

"का गं?"

"ते हॉबर्ट स्टिडहॅम आहेत म्हणून."

बाई मूळच्या आपल्याच जिल्ह्यातल्या. त्यांना एवढं पुरलं. मग त्यांनी बाकीच्या वाटा सांगितल्या. चोवीसची होईपर्यंत थांब. नाहीतर लग्न कर, लग्न झालं की बाप सुटतो. नाहीतर बापाने टाकलंय, संपर्क नाही, असं लिहून दे आणि दोन जबाबदार माणसांचा दुजोरा आण.

"संपर्क आहे का?" त्यांनी विचारलं.

"बोलत नाहीत."

"मग नाही असं लिहू?"

"पण दर शनिवारी मावशीच्या पायऱ्यांपाशी फोडलेली लाकडं येऊन पडतात. रचून ठेवलेली असतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लाकडं म्हणजे संपर्क की नाही हे नियमात कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा वाद मिटवा आणि सही करा. गिरणीत करवतीने बोटं नेली तेव्हा भरपाईचा चेक तुम्ही परत पाठवलात, ते सगळ्या खोऱ्याला पाठ आहे. हा चेक तुमच्या नावाचा नाही. तुमच्या घरात एक दमडी येणार नाही, तेव्हा बाटण्याची भीती नको.

ट्रेवा


२८ मे

डॅडी,

काल आपण भेटलोच आहोत, त्यामुळे तब्येतीची विचारपूस करत नाही. शर्टाला इस्त्री होती. कुणी केली?

वर्षभर तुम्ही मला चुकवू शकता, पण थडगी सजवायच्या रविवारी कुणालाच घरी बसता येत नाही, हे हेरूनच मी कागद घेऊन टेकडीवर आले होते. तुम्ही पहाटेच येऊन गवत कापून ठेवलं होतं. सगळे जमले, जुन्या नावांवर कागदी फुलं पडली, ट्रकांच्या फळ्या उघडून कोंबडी आणि डंपलिंग्ज मांडली गेली. तुम्ही एकटेच आईच्या थडग्यापाशी उभे होतात. मी शेजारी येऊन कागद पुढे केला.

"सगळ्यांसमोर नको," तुम्ही म्हणालात. दोन हिवाळ्यांनंतरचे तुमचे पहिले शब्द. मी ते जपून ठेवावेत असे काही नाहीत.

"मग कुठे? घरी तर दार उघडत नाही."

"स्टिडहॅम सरकारच्या पंक्तीला बसत नाहीत."

"पंगत नाही ही, फी आहे."

"तेच ते. एकदा सही दिली की घरात शिरतात लोक."

"शिरून नेणार काय? बकच्या गोचिड्या?"

एल्झी काका हसता हसता हातातल्या ताटासकट खाली बसले. तुम्हीही हसणार होतात, मी पाहिलं. पण मग आवाज उतरवून म्हणालात, "ती प्रुइटबाई म्हणाली ना, बापाने टाकलंय असं लिहिलं की भागतं? मग लिही. मी काही खोटं म्हणायला येणार नाही. लिही, तुझा बाप बाप नव्हताच." आणि गवत कापायचं यंत्र ट्रकमध्ये चढवून निघून गेलात. जेवलासुद्धा नाहीत.

मी रागाने फणफणत टेकडी उतरले. म्हटलं, चार माणसांत मला झिडकारलं. अर्ध्या उतारावर आले आणि पाय थांबले. झिडकारलं नव्हतंत. तुम्ही मला वाट काढून देत होतात. सरकारपुढे हात पसरायचा नाही, पण पोरीने भर कागदावर आपल्याला नालायक ठरवलं तरी चालेल. हा कुठला हिशेब, डॅडी? अशी दानत कुणी मागितली होती तुमच्याकडे?

त्या वाटेने जायची सगळी तयारी आहे, हेही सांगून टाकते. मावशीने दुजोरा लिहून ठेवलाय. इतका झकास लिहिलाय की वाचून मलाच तुमचा राग आला. पाद्रीबाबाही सही द्यायला तयार आहेत. लग्नाच्या वाटेबद्दल मागच्या पत्रात मी पुढे काही बोलले नाही, कारण ती वाटही दारात येऊन उभी आहे. कोल्टन म्हणतो, शुक्रवारी कोर्टात जाऊ, पाच मिनिटांत उरकू, तुझी फी सुटेल. मुलगा चांगला आहे. तुम्हाला आवडत नाही, कारण त्याचा बाप तुम्हाला आवडत नाही. मी त्याला नाही म्हटलं. मला फीसाठी नवरा नकोय. नवरा करायचाच झाला तर नवऱ्यासाठी करीन.

तुम्ही असं का म्हणालात ते मला ठाऊक आहे. आई गेली त्या रविवारामुळे. त्याबद्दल लिहायला बसले होते, पण बकपासून कोल्टनच्या बापापर्यंत सगळं लिहून झालं आणि तेवढंच राहिलं. आज जमत नाही.

ट्रेवा


९ जून

डॅडी,

आज विचारपूस नाही. आज मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार.

काल मिसेस प्रुइटनी तयार मजकूर माझ्यापुढे ठेवला. मुदत जवळ आलीय, त्यांनाही माझी काळजी होती. वर लिहिलं होतं, 'वडिलांनी मुलीचा त्याग केला आहे.' खाली माझी सही तेवढी हवी होती. मी पेन घेतलं, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'वडील हयात आहेत. हट्टी आहेत. संपर्क आहे.'

"अगं, अशाने तू अपात्र ठरशील," बाई म्हणाल्या.

"ठरू दे. मी अपात्र ठरेन, ते नाही."

ही जागा गेली तर मालाच्या खोलीत खोकी फोडत चोवीस गाठायची आहे मला, हे मी विसरलेले नाही. तरी रेघ मारल्याचा पस्तावा नाही.

आता तो रविवार. ताटं अजून टेबलावर होती. आईने छातीवर हात दाबला. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावते. तुम्ही म्हणालात, "आपलं आपण बघू." आईनेही मान हलवली, तिलाही घरासमोर दिवे लुकलुकायला नको होते. मग तुम्ही तिला उचलून ट्रकमध्ये ठेवलंत आणि गाडी अशी हाणलीत की मी आयुष्यात कुणाला तशी हाणताना पाहिलं नाही. केनीच्या पुलाशी तिचा हात माझ्या हातात सैल पडला. तुम्हाला कळू नये म्हणून मी तो दवाखान्यापर्यंत तसाच धरून ठेवला.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे उचलून मावशीकडे आले. तुम्ही समजलात, पोरीने आपल्याला दोषी धरलं. धरलं होतंच. अजून राग आहे, आणि तो मी मागे घेणार नाही. फोन करायला हवा होता. पण कॉलेजच्या भेटीच्या दिवशी मी तिथल्या शिक्षकांना विचारलं. आपल्या खोऱ्याला ॲम्ब्युलन्स येते ती पलीकडच्या जिल्ह्यातून. फोन केला असता तरी ती आली तोवर उशीरच झाला असता बहुधा. हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींसकट तुम्ही माझे वडील आहात.

आणि जे मला सगळ्यात जास्त डाचतं ते वेगळंच आहे. त्या ट्रकमध्ये मी तिच्या अगदी शेजारी होते. दोन हात होते मला, चांगले धडधाकट. त्यांनी काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. या अख्ख्या खोऱ्यात कुणालाच शिकवलेलं नाही. म्हणून मला तो वर्ग हवाय. उद्या एल्झी काकांच्या छातीत दुखलं तर त्यांचा हात धरून रडत बसायचं नाही मला.

मेहेरबानी वगैरे डोक्यातून काढा. आजोबा जन्मभर खाणीत होते, आईने शाळेच्या मुदपाकखान्यात पोरांची ताटं वाढली, दोघांच्या पगारातून सरकारने आपला वाटा दर वेळी आधी काढून घेतला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की सरकार स्टिडहॅमांच्या पंक्तीला बसलंय. तुम्ही तंबाखूच्या प्रत्येक पुडीवर कर भरता. माझी निम्मी फी तर तुम्ही केव्हाच चघळून थुंकलीय. जे आपलं आहे ते मी परत आणतेय, आणि ते मान वर करून आणतेय.

कोरा कागद पुन्हा सोबत पाठवतेय. फुली केलीय तिथे सही. कमाईबद्दल विचारलंय तिथे खरं तेच लिहा. लाज वाटली तर शेजारी माझं नाव लिहा, मला ती वाटत नाही.

निघताना मिसेस प्रुइटनी आणखी एक नियम सांगितला. आई नाहीच आहे. उद्या तुम्हीही गेलात तर मी आपोआप पात्र ठरते. दुजोरा नको, नवरा नको, कुणाची सही नको. बाईंनी नियम म्हणून सांगितला, बिचाऱ्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मला मात्र जिन्यात बसावं लागलं.

तर हे नीट ऐका. तशी पात्रता मला नको आहे. औषध वेळेवर घ्या, शिडीवर एकटे चढू नका, आणि छातीत जरा कळ आली तर फोन करा, लोकांना काय दिसायचं ते दिसू दे. या वर्षी सही दिली नाहीत तर पुढच्या वर्षी हाच कागद येईल, त्याच्या पुढच्या वर्षीही. माझ्यात हट्ट कुणाचा आलाय ते तुम्हाला सांगायला नको. तोवर जिवंत राहायचं. हे मी विचारत नाहीये, सांगतेय.

तुमचीच, कागदावरसुद्धा,
ट्रेवा