चिमा काल जे बोलली

शालन,

चिमाला बालवाडीत सोडून आलो, तर तू दळण आणायला गेलेलीस. मी कलमांच्या खतासाठी पालीला जातोय. भाताखालचा गॅस बंद केलाय.

काल जेवताना चिमा तुला म्हणाली, "गप बस, तुला काय अक्कल?" वर अगदी माझ्यासारखा हात उगारलान. तू तिला भात वाढलास. दीपाली मात्र माझ्याकडे बघत राहिली. सुनेच्या नजरेला नजर देता आली नाही मला.

आज वाटेत चिमाला समजावायला गेलो, "आजीला असं बोलू नये गो." तर म्हणते, "आजोबा, तू रोज बोलतोस ना?" चार वर्षांची पोर, पण खरं तेच बोलली. आईबाप दिवसभर कामावर. ती शिकणार ते आपलंच बघून.

तोंडाने सांगायला गेलो तर माझा आवाज पुन्हा चढेल, म्हणून लिहून ठेवतोय. दुपारी येताना तिला मीच आणतो. तिच्यासमोर तुझी माफी मागणार आहे. तेव्हा "असूंदे" म्हणून आत निघून जाऊ नकोस. तिला ऐकू दे.

दत्ताराम