शनिवारपर्यंत फरशी तापेल

९ जानेवारी, मंगळवार
आज थंडीची लाट येणार. उणे अठरा. बातम्या ऐकून नुसतं घाबरायचं नाही, तयारी करायची. घरभर फरशीखालून गरम पाणी फिरवणाऱ्या बॉयलरचे मागच्या बाल्कनीतले पाईप जुन्या कपड्यांत गुंडाळले. आमच्या ताएबेक गावात सगळेच गुंडाळतात, पण अर्धवट. मी एकही टोक उघडं ठेवलं नाही. खालच्या पांढऱ्या पाईपचं तोंड तर सताड उघडं! त्यात बाबांचा लोकरी मोजा कोंबला, वरून दोरी आवळली.
बाबा शनिवारी खुब्याचं ऑपरेशन करून घरी येणार. डॉक्टर म्हणालेत, गरम फरशीवर झोपवा. फरशी थंड असेल तर आत्या त्यांना आपल्या घरी, वोंजूला घेऊन जाणार. ते मी होऊ देणार नाही.

१० जानेवारी, सकाळी ६
बॉयलर बंद. भिंतीवरच्या डबीवर एक आकडा लुकलुकतोय. फरशी बर्फ.
आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर निघताना म्हणाली, बॉयलरवाल्या पेक काकांना बोलव, ते दुरुस्त करतील. मी म्हणाले, दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहायचं तर मी शिकले कशाला? आई म्हणाली, मीही तेच विचारते.
आईला विनोदाची आवड आहे.
घरातली पहिली पदवीधर मी. विषय लोकप्रशासन. प्रश्न पद्धतशीर मांडला की सुटतो. तक्ता आखला.

दुपारी २
गॅस चालू. वीज चालू. सिंकखालचे सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडले. आता कुठला कोणत्या खोलीचा ते कळत नाही. तरी प्रगती आहे.

११ जानेवारी
पुस्तिका वाचली. चौसष्ट पानं. त्या आकड्यासमोर लिहिलंय, पाण्याचा निचरा तपासा. तपासला. कुठूनही थेंबसुद्धा गळत नाही. उत्तम. खूण केली.
पेक काकांचा फोन आला. आईने मला न विचारता कळवलेलं. म्हणाले, चाळीस घरं खोळंबलीत, पण तुझ्या आईसाठी उद्या सकाळी आठला येतो. मी नम्रपणे सांगितलं, काका, खरी गरज असलेल्यांकडे आधी जा, आमचं काम शेवटच्या टप्प्यात आहे. ते म्हणाले, बॉयलरचं की तुझं?
इतरांचा विचार केल्याचं समाधान वाटलं. आईला योग्य वेळी सांगेन.

१२ जानेवारी
हेअर ड्रायरने पाईप शेकले. घरातली वीज गेली. परत आली. ड्रायर नाही आला.
काकांसाठी सुट्टी घेऊन घरी थांबलेल्या आईने साडेआठला विचारलं, पेक काका कुठे राहिले? योग्य वेळ आपोआपच आली.
ती ओरडली नाही. दोन स्वेटर घालून मुळ्याच्या पाल्याचं सूप ढवळत राहिली. मग म्हणाली, सत्तावीस वर्षं तो माणूस खाणीतून यायचा, या फरशीला पाठ लावायचा आणि दुसऱ्या दिवशी उभा राहायचा. आता खरोखर उभं राहायचंय, तर फरशीच नाही.
पेक काकांना मीच फोन केला. उद्या दुपारी तीन म्हणाले, त्याआधी जीव गेला तरी जमणार नाही. बाबा अकराला येणार. चार तासांचाच फरक. कुठल्याही नियोजनात एवढा धरतातच.

१३ जानेवारी
बाबा वॉकर घेऊन आले. दारात बूट काढले, एक पाऊल आत टाकलं आणि थांबले. मी म्हणाले, बाबा, फक्त तीन वाजेपर्यंत. त्यांनी पाय मागे घेतला. सोबत आलेली आत्या बोलली. म्हणाली, मुलगी शिकली की घर उजळतं म्हणतात. उजळलंय खरं, तापलेलं नाही. खाली बसून तिनेच त्यांच्या पायांत पुन्हा बूट चढवले.
गाडीत बसताना बाबा म्हणाले, नाराए, बाहेर थंडीत उभी राहू नकोस, आत जा.
आत जास्त थंडी होती.

दुपारी ३:२०
पेक काकांना चार मिनिटं लागली. दोरी कापली, मोजा ओढला, भसकन पाणी त्यांच्या पायांवर. म्हणाले, हे बॉयलरचं पाणी बाहेर पडायचं तोंड. हे कोणी बुजवलं? आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, थंडी आत शिरू नये म्हणून. काका म्हणाले, नाही शिरली. पाणीही बाहेर नाही पडलं. गाठ मात्र झकास मारलीस, सुरी लागली.
कामाचा दर्जा निदान मान्य झाला.

१४ जानेवारी, रविवार
फरशी चटके देतेय. वोंजूला फोन केला. बाबा म्हणाले, कालच्या प्रवासानं कंबर धरली आहे, आता मार्चपर्यंत हलत नाही. आत्या दोन वेळा शेक देते. तू नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास कर.
आईने तरीही बाबांचं अंथरूण सगळ्यात गरम जागी घातलं आणि भाताची वाटी झाकून पांघरुणाखाली ठेवली. घरचा माणूस बाहेर असला की आजी त्याच्या वाट्याचा भात असाच उबेत ठेवायची म्हणे. मी विचारलं, मार्चपर्यंत? आई भांडी घासत राहिली.
ठरवलं, बाबांची वाट पाहण्यातही शिस्त हवी. मीही रोज तिथे बसून अभ्यास करणार.

संध्याकाळी ७
बसले. वाटी अजून गरम आहे.

७:४०
भात मी खाल्ला. अन्न वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
आईने रिकामी वाटी उचलली, आत जाऊन भरून आणली, पांघरुणाखाली सरकवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ही त्यांची.